गाव सुटल्यावर लागलेले नाव
(‘-कर’ आडनावांच्या संग्रहाची प्रस्तावना)

ही प्रस्तावना जिथे लिहितो आहे त्या नेदरलंड्समधल्या लायडनच्या वेडस्टेख नावाच्या गल्लीत १६०६ साली एका गिरणीवाल्याच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे पूर्ण नाव रेम्ब्रांट हार्मेन्सझोन व्हान ऱ्हाइन. जगाने त्यातले पहिले तेवढे लक्षात ठेवले, पण मराठी माणसाला उरलेली दोनही ओळखीची वाटावीत. हार्मेन्सझोन म्हणजे हार्मेनचा मुलगा. व्हान ऱ्हाइन म्हणजे ऱ्हाइनचा, कारण घराण्याची माल्ट दळणारी पवनचक्की ऱ्हाइन नदीच्या काठी होती. स्वतःचे नाव, बापाचे नाव, मग ठिकाणाचे नाव. आपल्याकडच्या शाळेतल्या मास्तरांना हे नाव हजेरीपटावर चढवताना काहीच अडचण आली नसती.

हा एकट्या रेम्ब्रांटचा योगायोग नव्हे. १५७४ मध्ये स्पॅनिश वेढ्यात हे शहर उपाशी मरत असताना इथला नगराध्यक्ष होता पीटर आद्रियान्सझोन व्हान डेर वर्फ. वर्फ म्हणजे घराभोवतीचे किंवा कामाच्या जागेभोवतीचे आवार. १५८३ साली गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून मांडवीकाठी उतरलेला आणि १५९६ मध्ये आपल्या प्रवासग्रंथाने डच व्यापाऱ्यांना पूर्वेची वाट दाखवणारा तरुण होता यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन, म्हणजे हाउखचा यान, लिन्सखोटेन गावचा. गोव्यात पाच-एक वर्षे तो पेडणेकर, शिरोडकर, बोरकर अशाच धर्तीच्या नावांच्या मुलखात वावरला. त्याचे स्वतःचे नाव त्याच साच्यातले होते.

या संग्रहातली सगळी नावे त्या साच्यातल्या तिसऱ्या घराची आहेत. डच माणूस गावाच्या आधी ‘व्हान’ लावतो, आपण गावाच्या मागे ‘कर’ लावतो. आपला प्रत्यय आजही जिवंत आहे. मुंबईकर, पुणेकर, नागपूरकर ही आडनावे असोत वा नसोत, त्या शहरात राहणाऱ्या कोणालाही लावता येतात. डच भाषेत हे काम ‘व्हान’ करत नाही, त्यासाठी वेगळे रूप आहे: लायडनचा रहिवासी तो लायडेनार. म्हणजे आपण एकाच प्रत्ययाला दोन कामे सांगितली आहेत. एक, आज कुठे राहतो ते सांगणे, आणि दुसरे, कधीकाळी कुठून निघालो ते सांगणे. या दोन कामांमधले अंतर नीट पाहिले, तर या आडनावांचे मर्म हाती लागते.

तेंडोलीत राहणाऱ्या माणसाला तेंडोलीचे लोक तेंडुलकर कशाला म्हणतील? तिथे सगळेच तेंडोलीचे. गावात माणूस ओळखला जातो तो बापाच्या नावाने, वाडीच्या नावाने, वतनाने किंवा धंद्याने. गावाच्या नावाने तो ओळखला जातो वेशीच्या बाहेर, दुसऱ्याच्या तोंडी. म्हणून ‘-कर’ हे आडनाव मुक्कामाचे नसून प्रस्थानाचे आहे. घराण्यातला कोणीतरी गाव सोडून निघाला आणि नव्या ठिकाणी त्याला ‘कुठला?’ असे विचारले गेले, एवढी बातमी ते देते. लायडनचेच उदाहरण घ्या. यान ब्योकेल्सझोन हा इथला शिंपी. जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात जाऊन १५३४ मध्ये तो तिथल्या धर्मबंडखोरांचा राजा होऊन बसला, आणि इतिहासात यान व्हान लायडन म्हणून राहिला. इथेच थांबला असता तर ब्योकेलचा यानच राहता. चित्रकार ल्युकास व्हान लायडन मात्र इथेच जन्मला, इथेच १५३३ मध्ये वारला. तो वरवर अपवाद दिसतो. पण त्याने गाव सोडले नाही तरी त्याची छापचित्रे युरोपभर फिरली, आणि नाव त्यांच्यामागून गेले.

आता आपल्याकडे वळू. नीरेकाठच्या होळ गावचे नाव होळकरांनी माळव्यात नेले आणि इंदूरच्या गादीवर बसवले. संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगेचे नाव बडोदा-अहमदाबादेत वाढलेल्या गणेश वासुदेव मावळंकरांबरोबर १९५२ मध्ये लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षांच्या आसनापर्यंत पोचले. माडगुळ्याचे कुलकर्णी गावाबाहेर माडगूळकर झाले आणि मराठी कवितेला व कथेला दोन भाऊ मिळाले. निंबळकचे निंबाळकर, शिरवाड्याचे शिरवाडकर, वेंगुर्ल्याचे वेंगुर्लेकर. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डच कंपनीची वखार होती आणि तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. त्या वखारीत किती ‘व्हान’ आणि किती ‘कर’ समोरासमोर हिशेबाला बसले असतील!

नाव कसे घडते याचे काही नियम या संग्रहात आपोआप दिसतील. बहुधा गावाच्या नावाला प्रत्यय थेट लागतो, सामान्यरूप होत नाही: वेंगुर्ले, वेंगुर्लेकर. कधी शेवटचा स्वर गळतो: केळशीचा केळसकर, मंगेशीचा मंगेशकर, शिरोड्याचा शिरोडकर. पेडण्याचा पेडणेकर शेवटचा एकार राखतो. पण बोलणाऱ्याच्या जिभेला आणि लिहिणाऱ्याच्या कलमाला व्याकरण फार वेळ धरून ठेवता येत नाही. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सकपाळ घराणे. त्या घरातल्या मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नोंदले गेले. आंबडवे ते आंबेडकर या वाटेवर एक स्वर इकडचा तिकडे झाला, ‘व’ गळाला आणि तेच रूप कायमचे ठरले. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. जन्माची नव्हे, नावाच्या नोंदीची तारीख साजरी व्हावी, हे फार थोड्या आडनावांच्या वाट्याला आले आहे.

प्रत्ययाच्या मुळाविषयी दोन शब्द. संस्कृतात ‘-कर’, ‘-कार’ म्हणजे करणारा: कुंभकार, सुवर्णकार. दिवाकर, प्रभाकर, भास्कर ही नावे त्या घरची. गावाच्या नावामागचा ‘कर’ काही करत नाही, तो फक्त संबंध सांगतो. प्राकृतात ‘-चा’ या अर्थाने ‘केर’ येतो, जुन्या हिंदी काव्यात त्याचा ‘केरा’ होतो. अर्थ पाहता आपला ‘कर’ त्याच्या शेजारी बसवावासा वाटतो. शिवाय प्रत्येक ‘-कर’च्या मागे गाव असतेच असे नाही. भांडारकरांच्या मागे भांडार आहे, म्हणजे खजिन्याचे किंवा कोठाराचे काम. तेव्हा नकाशा उघडण्याआधी नाव नीट वाचावे.

नकाशा उघडल्यावरही घाई करू नये. शिरोडे गोव्यातही आहे आणि सिंधुदुर्गातही. नागाव, बोरी, वाडे ही नावे कोकणातल्या किती गावांना आहेत हे कोणत्याही तलाठ्याला विचारावे. काही आडनावे तर गावाची नव्हे, वाडीची आहेत, आणि वाडी नकाशावर नसते. गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगणारे तर घरोघर असतात. शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिक, हे सांगायला आपल्याला पुराणिक लागत नाही. युरोपातले पंडितही यात मागे नव्हते. सोळाव्या शतकात विद्यापीठ स्थापन झाल्यावर लायडनला रोमन वंशावळ हवी होती. जुन्या नकाशातले ‘लुग्डुनम’ म्हणजे आपलेच गाव असे ठरवून इथल्या छापखान्यांनी ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर ‘लुग्डुनम बाटावोरम’ छापायला सुरुवात केली आणि शतकानुशतके छापले. खरे लुग्डुनम समुद्रकाठी, काटवेकजवळ असावे असे आज मानतात. या शहराचे नाव मध्ययुगीन कागदांत ‘लाइथोन’सारख्या साध्या रूपात येते. ज्या गावाने एवढे विद्वान जन्माला घातले त्यानेच आपल्या नावाची खोटी कुळकथा मिरवली, तर तुमच्या-आमच्या घरातल्या कथांकडेही प्रेमाने पण सावधपणे पाहिलेले बरे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ग्रामनामे आणि व्यक्तिनामे यांच्या व्युत्पत्ती जमवण्यासाठी आयुष्यातली किती वर्षे घातली, हे आठवले की एका दुपारी आडनावाचा अर्थ लावून मोकळे होण्याचा मोह आवरतो.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र अर्थाबद्दल नसून रक्ताबद्दल आहे. आडनाव एक म्हणजे कूळ एक, असे आपण धरून चालतो. ‘-कर’ला हा नियम लागू नाही. एकाच गावातून ब्राह्मण निघाला, मराठा निघाला, भंडारी निघाला, महार निघाला, मुसलमान निघाला. बाहेर पडल्यावर ज्याला त्याला गावाचेच नाव लागले. जोशी, कुलकर्णी, सुतार म्हटले की वतन किंवा धंदा कळतो आणि त्याबरोबर पुष्कळ काही कळते. बोरकर, शिरोडकर, बांदेकर म्हटल्यावर ते कळत नाही. जातीची चौकशी करणाऱ्याला ही आडनावे फारशी उपयोगी पडत नाहीत, आणि हा त्यांचा मोठा गुण आहे.

धर्माच्या भिंतीही या नावांनी मानल्या नाहीत. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या घराण्यांची आडनावे वाचा: किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, अष्टमकर, झिराडकर, दिवेकर. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले, अशी या समाजाची परंपरा सांगते. तेलघाणा चालवायचा आणि शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. पुढे मुंबईत गेल्यावर ते गावागावांचे ‘कर’ झाले. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. आज इस्राएलमध्ये ही आडनावे हिब्रू लिपीत लिहिली जातात, आणि ती धारण करणाऱ्या अनेकांनी किहीम किंवा रोहे पाहिलेलेही नाही. ‘मूळ कुठले?’ या प्रश्नाला ते दोन हजार वर्षांपूर्वीचे एक उत्तर देतात, आडनाव मात्र कोकणातले दुसरे उत्तर देते. दोन्ही खरी आहेत. माणसाला मुक्काम अनेक असतात, आडनावात जागा एकाच मुक्कामापुरती असते.

गोव्यात याच गोष्टीला आणखी एक पदर आहे. सोळाव्या शतकात धर्मांतर झालेल्या घरांची जुनी ओळख गेली आणि पोर्तुगीज आडनावे आली. त्यांतले डिसोझा पाहा. पोर्तुगालच्या उत्तरेला सोझा नावाची नदी आहे, आणि डिसोझा म्हणजे मुळात त्या सोझाकाठचा. म्हणजे सासष्टीतल्या एका शेतकऱ्याला कधीही न पाहिलेल्या नदीचा ‘कर’ लागला. त्याच काळात कुठ्ठाळीचा मंगेश अंत्रुज महालात हलवला गेला. देवामुळे नव्या जागेला मंगेशी नाव पडले, आणि तिथून निघालेल्या दीनानाथांनी मंगेशकर हे नाव घेतले. गाव सोडलेल्या देवाचे नाव गावाला, आणि गाव सोडलेल्या माणसाला त्या गावाचे.

गोव्याच्या गायिकांच्या नावांकडे मी वाचकाचे मुद्दाम लक्ष वेधतो. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. देवळाच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या घराण्यांतल्या बायकांना समाजाने बापाच्या कुळाचे नाव सहजी लावू दिले नाही. तेव्हा गाव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची कन्या हिराबाई, त्यांनी तर बडोद्याचे नाव घेऊन बडोदेकर म्हणून कीर्ती मिळवली. कुळाने नाकारलेले नाव भूगोलाने दिले, आणि ते या बायकांनी कुळापेक्षा मोठे केले. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. फोंडा तालुक्यातल्या केरी गावाचे नाव इतके लांब जाईल असे कोणाला वाटले असेल? कुर्डीची गोष्ट उलट आहे. साळावली धरणाच्या पाण्यात ते गाव १९८०च्या दशकात बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की देवळाचे आणि घरांचे अवशेष उघडे पडतात आणि विस्थापित गावकरी तिथे जमतात. बाकी वर्षभर ते गाव आडनावातच राहते.

ही नावे पूर्वी बदलत असत, हे विसरू नये. माणूस एका गावचा ‘कर’ होऊन दुसऱ्या गावी गेला, त्याचा नातू तिसऱ्या गावी गेला, की नावही पुढे सरके. मग एकोणिसाव्या शतकात शाळेचा दाखला आला, जमीन-मोजणीचे कागद आले, पलटणीची यादी आणि गिरणीचा मस्टर आला. ज्या क्षणी कारकुनाने दौतीत टाक बुडवला, त्या क्षणी जे नाव तोंडी होते ते गोठले. नेदरलंड्समध्येही हेच झाले. नेपोलियनने हॉलंड फ्रान्सला जोडल्यावर १८११ मध्ये हुकूम निघाला की प्रत्येकाने कायम आडनाव नोंदवावे. लायडनसारख्या शहरांत आडनावे आधीच रुळली होती, पण फ्रीजलंडसारख्या भागांत अनेक घरे तोवर बापाच्या नावावरच भागवत होती. ज्यांनी त्याआधीच समुद्र ओलांडला त्यांचे आणखी वेगळे झाले. उट्रेख्टजवळच्या डे बिल्टचा यान आर्टसेन व्हान डेर बिल्ट सतराव्या शतकात अमेरिकेत गेला. त्याच्या वंशजांच्या नावातला बाप गळून पडला, गाव आणि त्याआधीचे ‘व्हान डेर’ एकमेकांत मिसळले, आणि व्हँडरबिल्ट हे कोट्यधीशांचे आडनाव तयार झाले. नेमका कोणत्या क्षणी शिक्का बसला, यावर नावाचे रूप ठरते.

लायडनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांवर हा शिक्का आता पुन्हा बसतो आहे. पासपोर्टात ‘दिलेली नावे’ आणि ‘आडनाव’ असे दोनच रकाने. त्यामुळे बापाचे किंवा नवऱ्याचे नाव पहिल्या रकान्यात जाते, आणि नगरपालिकेच्या नोंदीत ते त्या व्यक्तीचेच दुसरे नाव ठरते. पत्रे आद्याक्षरांवर येतात. मराठी बाईच्या आद्याक्षरांत तिच्या नवऱ्याचे अक्षर आहे, हे पोस्टमनला कळायचे कारण नाही. डच कायद्यात बाईचे आडनाव लग्नाने बदलत नाही. नवऱ्याचे वापरायचे की नाही हे ती ठरवते. आपल्याकडे बाईचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची रीत पडली, त्यामुळे ती मिरवते तो ‘कर’ बहुधा तिच्या सासऱ्याच्या पणजोबाच्या प्रस्थानाचा असतो. तिच्या आईच्या आईचे गाव कोणत्याच नावात उरत नाही. म्हणून या संग्रहात शक्य तिथे माहेरचे आडनाव आणि त्याचे गावही दिले आहे. २०२४ हे वर्ष या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे. १ जानेवारीपासून नेदरलंड्समध्ये मुलाला आई आणि बाप दोघांचीही आडनावे जोडून देता येऊ लागली. १ मेपासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलाच्या नावानंतर सरकारी कागदावर आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहायचे ठरले. दोन देशांनी एकाच वर्षी नावातले एकेक रिकामे घर भरायला घेतले.

हा संग्रह कसा वापरावा, तेवढे सांगून थांबतो. नोंदी अकारविल्हे आहेत. डच लोक व्हान ऱ्हाइनला यादीत ‘र’खाली शोधतात, ‘व्ह’खाली नाही. आपला प्रत्यय शेवटी असल्यामुळे तो प्रश्न आपल्याला पडत नाही. प्रत्येक नोंदीत आडनाव, गाव, तालुका आणि पर्यायी रूपे आहेत. जिथे एकाहून अधिक गावांचा दावा आहे तिथे सगळे दावे दिले आहेत, निवाडा केलेला नाही. कुळ, गोत्र, जात हे रकाने मुळातच ठेवले नाहीत, आणि का ठेवले नाहीत हे आतापर्यंत ध्यानात आले असेल.

एक रकाना मात्र बहुतेक नोंदींत कोरा आहे: गाव कोणी सोडले, केव्हा आणि कशासाठी. दुष्काळ, गिरणीतली नोकरी, पलटण, भाऊबंदकी, धरण, शिक्षण, देवाचे स्थलांतर, असा काहीतरी धागा प्रत्येक ‘-कर’च्या मुळाशी असतो, आणि तो कागदावर नसून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असतो. तो रकाना मला भरता येत नाही, तुम्हाला येईल. आजी-आजोबांना फोन लावा, विचारा आणि पेनाने लिहून ठेवा. ते झाले की त्याच ओळीखाली आणखी एक ओळ लिहा: लायडनला कोण आले, कोणत्या साली, आणि कशासाठी. पुढच्यांना हा प्रश्न पडेल, आणि त्याचे उत्तर या वेळी आडनावात मिळणार नाही. आडनाव आता बदलत नाही.

— लायडन